अमली पदार्थांचे इंजेक्शनद्वारे सेवन : शारीरिक आणि चिंताजन्य विकार

हेरॉइन, ब्युप्रेनॉर्फिन, पेंटाझोसिन यांसारखी अफूवर्गीय द्रव्ये किंवा मेथाम्फेटामीन, कोकेन यांसारखी उत्तेजक द्रव्ये नशेसाठी सुईने शिरेत, स्नायूत किंवा त्वचेखाली टोचून घेतल्यामुळे जे आजार होतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात अशा प्रकारे नशा करणाऱ्यांची संख्या सुमारे 8.5 लाख आहे. महाराष्ट्रात 1980 च्या दशकात पसरलेला गर्द (भेसळयुक्त हेरॉइन) मुख्यतः चांदीच्या कागदावर तापवून त्याचा धूर ओढला जात असे. ईशान्य भारतात मात्र, विशेषतः म्यानमारला लागून असलेल्या मणिपूर, नागालँड आणि मिझोराम या राज्यांत, सुईचा वापर आधीपासूनच मोठा होता. भारतात या विकारांचे स्वरूप सर्वांत स्पष्टपणे तेथेच दिसले.

यांपैकी बरेच विकार नशेच्या द्रव्यामुळे थेट होत नाहीत. अस्वच्छ सुई, भेसळ, अंधाऱ्या कोपऱ्यातील घाई, पकडले जाण्याची भीती आणि दवाखान्यात जाण्याचा संकोच ही त्यांची कारणे आहेत. रुग्णालयात वेदनाशमनासाठी शुद्ध मॉर्फिनचे इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाला गळवे होत नाहीत किंवा कावीळ जडत नाही. हा भेद लक्षात घेतला नाही, तर सारा दोष व्यसनी माणसाच्या स्वभावावर टाकला जातो आणि टाळता येण्याजोगे मृत्यूही अटळ मानले जातात.

त्वचा आणि शिरा यांवरील परिणाम सर्वांत आधी दिसतात. एकाच जागी वारंवार टोचल्याने शिरेचा दाह होतो, ती कठीण होऊन बुजते आणि हात, पाय, मान, जांघ असा पुढच्या जागांचा शोध सुरू होतो. जांघेतील शिरेला लागूनच मोठी रोहिणी (धमनी) आणि मज्जातंतू असतात. त्यामुळे तेथे रक्ताची गुठळी होणे, रोहिणीची भिंत फुगून फुटणे आणि प्राणघातक रक्तस्राव होणे हे धोके असतात. चुकून रोहिणीत टोचले गेल्यास बोटांचा किंवा हाताचा रक्तपुरवठा बंद पडून गँगरीन होऊ शकते. गळवे आणि त्वचेखालील पसरता जंतुसंसर्ग तर नेहमीचेच असतात. ऑक्सिजनविरहित ऊतीत वाढणारे जंतू हा त्याहून भयंकर प्रकार होय. धनुर्वात आणि जखमेतील बॉट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) हे त्यांच्यामुळेच होतात. 2000 साली स्कॉटलंडमधील ग्लासगो व आसपासच्या भागांत दूषित हेरॉइनमधून क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंची साथ पसरली आणि अनेक माणसे दगावली. 2009-10 मध्ये स्कॉटलंडमध्येच हेरॉइनमधून अँथ्रॅक्सचा प्रादुर्भाव झाला.

तोंडाने घेण्यासाठी बनवलेली औषधे टोचून घेतल्यास हानी अधिक वाढते. गोळ्यांमधील टाल्क आणि इतर पूरक पदार्थ रक्तात विरघळत नाहीत. ते फुप्फुसांतील सूक्ष्म वाहिन्यांत अडकून तेथे गाठी तयार करतात आणि पुढे धाप लागणे कायमचे होते. मिझोराममध्ये डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफीन असलेल्या वेदनाशामक कॅप्सूल फोडून त्यांतील भुकटी टोचून घेण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालू होती. या द्रव्याने ऊती जळून खोल व्रण पडत आणि काहींचे हातपाय कापावे लागले. 2013 मध्ये केंद्र सरकारने या औषधाचे उत्पादन व विक्री स्थगित केली.

जंतू थेट रक्तात शिरले की ते हृदयाच्या झडपांवर वस्ती करतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्वचेवर आढळणारा जंतू यात प्रमुख असतो. शिरेतील रक्त प्रथम हृदयाच्या उजव्या बाजूस पोचत असल्यामुळे या रुग्णांत उजवीकडील त्रिदल झडप बऱ्याचदा बाधित होते. तिच्यावरील जंतुयुक्त कण सुटून फुप्फुसात गेल्याने ताप, छातीत कळ आणि खोकला ही लक्षणे दिसतात व वरवर पाहणाऱ्याला तो न्यूमोनिया वाटतो. साधारणपणे चार ते सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात. मणक्यांचा जंतुसंसर्ग आणि डोळ्याच्या आत होणारा बुरशीचा संसर्गही याच मार्गाने उद्भवतो. पाठदुखीबरोबर ताप किंवा अचानक धूसर दिसणे या तक्रारी अशा रुग्णाने सांगितल्या, तर त्या कधीही किरकोळ समजू नयेत.

विषाणूंच्या बाबतीत मणिपूरचा अनुभव इतिहासात नोंदवला गेला आहे. 1989 च्या सप्टेंबरपर्यंत तेथील इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तपासण्यांत एचआयव्हीचा संसर्ग आढळला नव्हता. त्यानंतर सुमारे सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे बाधित निघाले. सुया आणि सिरिंज मिळणे अवघड, एकच सिरिंज अनेकांच्या हातून फिरणे आणि धाड पडण्याची भीती यांमुळे हा वेग शक्य झाला. पुढे हा संसर्ग पत्नींपर्यंत आणि बालकांपर्यंत गेला. 2021 च्या राष्ट्रीय पाहणीतही इंजेक्शन घेणाऱ्यांमधील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 9 टक्के होते, तर देशातील एकूण प्रौढ लोकसंख्येत ते 0.21 टक्क्यांच्या आसपास होते. हेपॅटायटिस सी त्याहूनही अधिक पसरलेला आहे. जगभरात इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना त्याची बाधा झालेली आढळते. हा विषाणू वापरलेल्या सिरिंजमधील रक्तात कित्येक आठवडे तग धरतो आणि यकृत हळूहळू निकामी करतो. मात्र आज तो बहुतेकांत सुमारे 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत मिळतात. हेपॅटायटिस बी टाळण्यासाठी लस उपलब्ध आहे.

अतिमात्रेमुळे येणारा मृत्यू श्वास मंदावल्याने होतो. अफूवर्गीय द्रव्य मेंदूच्या बुंध्यातील श्वसनकेंद्राला दाबते. त्यात डायझेपामसारखी औषधे किंवा दारू मिसळली, तर धोका अनेक पटींनी वाढतो. तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत घातक असतात, कारण मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस पूर्वीइतकीच मात्रा घेतो. नॅलोक्सोन हे औषध वेळेवर दिल्यास श्वास परत येतो. मात्र त्याचा परिणाम द्रव्याच्या परिणामाआधी ओसरू शकतो, म्हणून रुग्णाला रुग्णालयात नेऊन त्याच्यावर लक्ष ठेवणे आवश्यक असते.

या सर्व शारीरिक विकारांशी चिंता घट्ट गुंफलेली आहे. मेंदूच्या बुंध्यातील नॉरअ‍ॅड्रिनॅलिन स्रवणाऱ्या पेशी अफूवर्गीय द्रव्यामुळे दबून राहतात. द्रव्य तुटले की त्या बेफाम चेततात आणि छातीत धडधड, घाम, कंप, अस्वस्थता, झोप उडणे अशी स्थिती निर्माण होते. मुंबई-पुण्यातील व्यसनी या अवस्थेला ‘टर्की’ म्हणतात. हेरॉइनच्या बाबतीत ती शेवटच्या मात्रेनंतर साधारण 8 ते 12 तासांत सुरू होते, दोन-तीन दिवसांत कळसाला पोचते आणि शारीरिक त्रास आठवडाभरात बराचसा ओसरतो; निद्रानाश आणि चिंता मात्र कित्येक आठवडे रेंगाळतात. पुन्हा सुई हाती घेण्याचे एक मोठे कारण ही उरलेली चिंताच असते. उत्तेजक द्रव्यांची चिंता वेगळी. तिच्यात घबराटीचे झटके, पाठलाग होत असल्याचा संशय आणि त्वचेखाली किडे वळवळत असल्याचा भास होतो, त्यामुळे रुग्ण स्वतःची कातडी ओरबाडतो व त्या जखमांतूनही जंतुसंसर्ग होतो.

अनेकांत चिंता ही व्यसनाच्या आधीपासून असते. बालपणातील अत्याचार, हिंसा किंवा युद्धसदृश परिस्थितीत वाढलेल्या व्यक्तींमध्ये आघातोत्तर ताणविकार आढळतो आणि अफूवर्गीय द्रव्य काही काळ तो ताण बधिर करते. कंप पावणाऱ्या हातांनी शीर सापडत नाही, सुई बाहेरच्या ऊतीत जाते व तेथे गळू होते. ते गळू दाखवायला जायचे तर अपमान होईल, पोलिसांना कळवले जाईल ही भीती असते. परिणामी उपचार लांबतो, दुखणे वाढते आणि ते शमवण्यासाठी पुन्हा मात्रा घेतली जाते. डॉक्टरांकडूनही एक गंभीर चूक संभवते. छातीत दुखणे, धाप आणि धडधड ही चिंतेचीही लक्षणे असतात आणि झडपेच्या संसर्गाची किंवा फुप्फुसातील गुठळीचीही. इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णाची ही लक्षणे रक्ताचे कल्चर आणि हृदयाची सोनोग्राफी केल्याशिवाय मानसिक म्हणून सोडून देणे धोकादायक आहे.

उपचारांत ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही पर्यायी औषधे सर्वाधिक परिणामकारक ठरली आहेत. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिनच्या जिभेखाली ठेवण्याच्या गोळ्या रोज देखरेखीखाली दिल्या जातात. यामुळे टर्कीची भीती जाते, सुईची गरज कमी होते आणि एचआयव्हीचे किंवा क्षयाचे उपचार नियमित घेता येतात. एका व्यसनाच्या जागी दुसरे दिल्याचा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो. परंतु मृत्यू आणि संसर्ग कमी होण्याचा पुरावा तिच्या बाजूने भक्कम आहे. चिंतेवर झोपेच्या गोळ्या सहजपणे लिहून देणे टाळावे लागते, कारण याच गोळ्या अतिमात्रेचे कारण बनतात. बोधवर्तन उपचार (विचार आणि वागणूक बदलण्यास मदत करणारे समुपदेशन) आणि गरजेनुसार व्यसन न लावणारी चिंताशामक औषधे अधिक सुरक्षित असतात. पुण्यात 1986 मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्राने समूहोपचार व कुटुंबाचा सहभाग यांवर भर दिला, आणि महाराष्ट्रात व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी त्यातून बळकट झाली.

कायद्यानेही उपचारासाठी वाट मोकळी ठेवली आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 64अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करत असल्यास तिच्यावर खटला चालवला जात नाही. 2017 चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायदा स्वच्छ सुया पुरवण्यासारख्या जोखीम कमी करणाऱ्या उपायांना संरक्षण देतो. या दोन्ही तरतुदी रुग्णांना, कित्येक डॉक्टरांना आणि ठाण्यांतील पोलिसांनाही पुरेशी ठाऊक नाहीत. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 या मोफत राष्ट्रीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहेत.