समाजवाद्यांची फाटाफूट आणि मतांचे गणित (१९५२ ते १९७१)

समाजवादी पक्षांच्या फाटाफुटीचा विषय निघाला की नेत्यांच्या अहंकाराकडे बोट दाखवून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. अहंकार होतेच, परंतु मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो अशा ज्या निवडणूक पद्धतीत हे पक्ष उतरले, तिने त्यांच्यापुढे टाकलेला पेच ध्यानात घेतल्याशिवाय त्या भांडणांचा अर्थ लागत नाही.

ही पद्धत बिनविरोध आलेली नव्हती. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, दुरुस्ती मांडली होती. देशातील निरक्षरता आणि स्थिर सरकारची गरज ही कारणे देऊन डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला व ती फेटाळली गेली.

परिणाम पहिल्याच निवडणुकीत दिसला. काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते मिळाली आणि लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा. समाजवादी पक्षाला साडेदहा टक्के मते पडूनही जागा १२ मिळाल्या, तर कम्युनिस्टांना सव्वातीन टक्क्यांच्या आसपास मतांवर १६. कम्युनिस्टांचा जोर मद्रास, पश्चिम बंगालसारख्या मोजक्या टापूंत एकवटलेला होता. समाजवाद्यांनी मात्र अडीचशेहून अधिक उमेदवार देशभर उभे केले आणि त्यांची मते विखुरली.

मुंबईत याचे एक बोचरे उदाहरण घडले. उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता; त्यातील एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव होती. समाजवादी पक्ष आणि आंबेडकरांचा शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन हा पक्ष यांच्या युतीतर्फे तेथे अशोक मेहता आणि डॉ. आंबेडकर उभे होते. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि मतदाराने आपल्या दोन मतपत्रिका दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायच्या असत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एक मत वाया जाई. या मतदारसंघात ७४ हजारांहून अधिक मते बाद झाली आणि आंबेडकर सुमारे साडेचौदा हजारांनी हरले. मेहताही पडले. राखीव जागेची मते कुजवण्याचा प्रचार कम्युनिस्टांनी केल्याची तक्रार घेऊन दोघांनी निवडणूक अर्ज दाखल केला, पण तो फेटाळला गेला.

सप्टेंबर १९५२ मध्ये आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण होऊन प्रजासमाजवादी पक्ष जन्मला. दोघांची मते मिळून सोळा टक्क्यांवर जात होती, जागा मात्र एकवीसच होत्या. एवढ्या बळावर करायचे काय, हाच पुढच्या वैचारिक वादाचा गाभा होता. १९५३ च्या बैतुल अधिवेशनात मेहतांनी मागास अर्थव्यवस्थेत काँग्रेसशी सहकार्य अटळ असल्याचा सिद्धांत मांडला. राममनोहर लोहियांनी काँग्रेस आणि कम्युनिस्ट या दोहोंपासून समान अंतर राखण्याचा आग्रह धरला. पुढच्या वर्षी त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिळ्ळै यांच्या प्रजासमाजवादी सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा लोहियांनी स्वपक्षाच्याच मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. ही मागणी नैतिकदृष्ट्या बिनतोड होती, असे माझे मत आहे. पक्षाला ती पेलली नाही आणि १९५५ संपता संपता लोहियांचा वेगळा समाजवादी पक्ष उभा राहिला.

महाराष्ट्राने मात्र या पद्धतीवरचा उतारा दाखवून दिला होता. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने एकास एक लढती दिल्या, म्हणजे काँग्रेसविरुद्ध विरोधकांचा एकच उमेदवार उभा केला, आणि नानासाहेब गोरे पुण्यातून, नाथ पै राजापुरातून लोकसभेत पोचले. राज्य मिळाले, समिती विस्कटली आणि १९६२ मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. हीच एकास एक लढतीची युक्ती लोहियांनी बिगरकाँग्रेसवाद म्हणून देशपातळीवर नेली. मेहता मात्र नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदावरून काँग्रेसमध्ये गेले. एकाच गणिताची ही दोन उत्तरे होती.

१९६४ मध्ये दोन्ही समाजवादी पक्ष एकत्र येऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला, पण जानेवारी १९६५ च्या वाराणसी अधिवेशनातच तो दुभंगला. एसेम जोशी 'संसोपा'त, म्हणजे या संयुक्त पक्षात, राहिले. पुण्यातले त्यांचे आयुष्यभराचे सहकारी नानासाहेब पुन्हा वेगळ्या झालेल्या प्रजासमाजवादी पक्षाचे, म्हणजे 'प्रसोपा'चे, अध्यक्ष झाले. या दोघांत ध्येयाचे अंतर शोधूनही सापडत नाही, म्हणूनच ही फूट मला सर्वांत क्लेशकारक वाटते. १९६७ मध्ये दोन्ही पक्षांची मिळून आठ टक्के मते आणि ३६ जागा होत्या. १९७१ मध्ये ती मते साडेतीन टक्क्यांवर आली आणि जागा राहिल्या पाच. त्यानंतर त्याच वर्षी हे दोन्ही पक्ष पुन्हा एक झाले.