भिंत एक सांगते, ढीग दुसरंच

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. 20 कोटी वर्षांहून जुनी झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत. त्या रंगीत दगडी लाकडाचा एखादा तुकडा काही पर्यटक हळूच खिशात टाकतात. एवढ्याशानं काय होतंय, असं ज्याला त्याला वाटतं. म्हणून उद्यानानं पाटी लावली होती: असं थोडं थोडं करत वर्षाला 14 टन लाकूड चोरीला जातं.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांना या पाटीचीच शंका आली. त्यांनी सहकाऱ्यांसह खुणा केलेले तुकडे पायवाटांवर ठेवले आणि वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. एक पाटी म्हणत होती की आजवर अनेकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाचं रूप बदललं आहे; सोबत लाकूड उचलणाऱ्या तिघांचं चित्र. दुसरीवर लाकूड नेऊ नका एवढीच विनंती आणि एकट्या माणसाचं चित्र. पहिली पाटी असताना 7.92 टक्के तुकडे गेले, दुसरी असताना 1.67 टक्के.

कसं वागावं हे ठरवताना आपण नकळत दोन गोष्टी पाहतो: लोक काय करतात आणि लोकांना काय योग्य वाटतं. हे दोन वेगळे सामाजिक संकेत आहेत, आणि ते एकमेकांविरुद्ध गेले की बहुतेकदा डोळ्यांना दिसतं तेच जिंकतं. ‘येथे कचरा टाकू नये’ लिहिलेल्या भिंतीखाली कचऱ्याचा ढीग असतो ना, तसंच. म्हणूनच ‘हल्ली कोणीच हेल्मेट घालत नाही’ ही कळकळीची तक्रार मला धोक्याची वाटते. ऐकणाऱ्याला तिच्यातून कळतं ते इतकंच, की आपण एकटे नाही.

मग खरे आकडे सांगायचेच नाहीत का? कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात सुमारे 290 घरांच्या दारांवर चिठ्ठ्या अडकवल्या होत्या: तुमचा वीजवापर इतका, शेजाऱ्यांचा सरासरी इतका. 2007 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जास्त वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण काटकसरीनं राहणाऱ्यांनी तो वाढवला. तेही सरासरीकडेच सरकले. काही चिठ्ठ्यांवर मात्र आकड्याशेजारी पेनानं एक हसरा चेहरा काढला होता, तुमचं वागणं चांगलं आहे हे सांगणारा. त्या काटकसरी घरांतला वीजवापर कमीच राहिला.