कर्नल बदलला की पडदा काळा का होतो

नेहमीचे अपडेट केले, मशीन रीस्टार्ट केले आणि डेस्कटॉपऐवजी काळा पडदा किंवा लॉगिनची एकुलती एक ओळ समोर आली. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड आणि फेडोरा, आर्च, डेबियनसारखी स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार वितरण, वापरणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. असे झाले की पहिला राग डिस्ट्रोवर निघतो: तपासून पाहिले नाही का? बहुतेक वेळा तपासलेले असते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा मध्यवर्ती भाग, बरोबर असतो, कार्ड चालवणारा ड्रायव्हरही आपल्या जागी बरोबर असतो. बिघाड असतो तो दोघांमधल्या सांध्यात. आणि हा सांधा पक्का करायचा नाही, हे दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जाणूनबुजून ठरवलेले आहे.

कर्नलने बाहेरच्या प्रोग्रॅमना एक वचन दिलेले आहे: आज चालणारा प्रोग्रॅम उद्याच्या कर्नलवरही चालला पाहिजे. हे वचन मोडणाऱ्या बदलांवर लिनक्सचा जनक लिनस टोर्वाल्ड्स किती भडकतो याचे किस्से पुष्कळ आहेत. ड्रायव्हर मात्र बाहेरचा प्रोग्रॅम नसतो. तो मॉड्यूल म्हणून थेट कर्नलच्या पोटात शिरतो, त्याचीच फंक्शने बोलावतो, त्याच्याच मेमरीतल्या रचना वाचतो. एखाद्या रचनेत मध्येच एक नवे फील्ड आले की पुढची सगळी फील्डे सरकतात, आणि जुन्या मापाने बांधलेले मॉड्यूल भलत्याच जागी लिहू लागते. म्हणून प्रत्येक मॉड्यूलवर ते कोणत्या कर्नलसाठी बांधले याचा शिक्का असतो. शिक्का जुळला नाही तर कर्नल ते आत घेतच नाही. पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम आजही चालेल, पण गेल्या महिन्यात बांधलेले मॉड्यूल आज चालेलच असे नाही.

ही अंतर्गत जुळणी कायमची गोठवा, अशी मागणी हार्डवेअर कंपन्यांनी अनेकदा केली. त्यावर ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नल विकसकाने लिहिलेले उत्तर कर्नलच्या दस्तऐवजांतच कायमचे ठेवलेले आहे. त्याचा आशय असा: तुम्हाला स्थिर जुळणी हवी आहे असे वाटते, पण खरे तर तुम्हाला चालणारा ड्रायव्हर हवा आहे, तो कर्नलच्या मुख्य कोडमध्ये आणून द्या, मग जो कोणी आतली रचना बदलेल तोच तुमचा ड्रायव्हरही दुरुस्त करेल. युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त सोर्स कोड द्यायची तयारी असणाऱ्यांसाठी. २००४ मध्ये कर्नलची कामाची पद्धतही बदलली. आधी विषम क्रमांकाच्या मालिकेत प्रयोग चालत आणि सम क्रमांकाची मालिका स्थिर राहत असे, २.६ पासून सगळे बदल एकाच धारेत येऊ लागले. आज दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो, आणि त्यात आतले काहीही बदललेले असू शकते.

दुसऱ्या बाजूला एनव्हिडिया. तिचा बंदिस्त लिनक्स ड्रायव्हर २००० च्या सुमारास, एक्सफ्री८६ या डेस्कटॉप दाखवणाऱ्या प्रणालीच्या (थोडक्यात ‘एक्स’) चौथ्या आवृत्तीबरोबरच्या काळात पुढे आला. त्याचा गाभा विंडोजच्या ड्रायव्हरशी सामाईक होता, आणि तो उघडा करायची कंपनीची इच्छा नव्हती. मग रचना अशी झाली की मोठा गाभा तयार बायनरी स्वरूपात यायचा आणि त्याभोवती पातळ जोडकोडाचा थर सोर्सच्या रूपात. हा थर वापरणाऱ्याच्या मशीनवर, त्याच्या कर्नलसाठी कंपाइल व्हायचा, म्हणजे सोर्समधून बांधला जायचा. कर्नल बदलला की एक्स बंद करा, कन्सोलवर जा, इन्स्टॉलर पुन्हा चालवा. हे वैतागाचे होते, पण त्या काळात लिनक्सवर दमदार थ्रीडी हवे तर हाच खात्रीचा मार्ग होता, हेही मान्य करायला हवे.

कर्नल विकसकांना हे पाहुणे खुपत होते. २००१ मध्ये, २.४ च्या काळात, मॉड्यूलने आपले लायसन्स जाहीर करायची सोय आली. बंदिस्त मॉड्यूल शिरले की कर्नल ‘टेंटेड’ (डागाळलेला) झाल्याची खूण उठते, आणि अशा मशीनवरची तक्रार विकसक सहसा हातात घेत नाहीत; आत काय चालले आहे ते दिसतच नसेल तर शोधणार काय? त्याच सुमारास काही फंक्शने फक्त जीपीएल या कर्नलच्याच खुल्या लायसन्सखालच्या मॉड्यूलसाठी राखून ठेवायचीही सोय झाली. बंदिस्त मॉड्यूल जीपीएलमध्ये बसते का, हा वाद मात्र कधीच निकाली निघाला नाही. दुसऱ्या कुठल्या प्रणालीसाठी आधीच लिहिलेला आणि नंतर लिनक्सवर आणलेला ड्रायव्हर हा कर्नलपासून निपजलेला म्हणता येईलच असे नाही, असे टोर्वाल्ड्सचे म्हणणे होते. २००६ च्या अखेरीस बिगर-जीपीएल मॉड्यूल सरसकट अडवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यानेच विरोध केला आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. २००८ मध्ये शंभराहून अधिक विकसकांनी बंदिस्त मॉड्यूल घातक असल्याचे निवेदन सह्यांनिशी काढले. त्याने दैनंदिन व्यवहारात फारसे काही बदलले नाही.

या ओढाताणीत सामान्य वापरणारा कसा सापडतो, याचा नमुना २००४ च्या मे महिन्यात आलेल्या फेडोरा कोअर २ मध्ये मिळतो. ३२-बिट मशीनवर प्रत्येक प्रक्रियेला कर्नलमध्ये ८ किलोबाइटचा स्टॅक, म्हणजे तात्पुरत्या कामाची जागा, मिळत असे. त्यासाठी मेमरीची दोन पाने शेजारी-शेजारी मोकळी लागत. मशीन बराच वेळ चालू राहून मेमरी विस्कळीत झाली, धागे (थ्रेड) हजारोंनी वाढले, की अशी जोडी मिळणे अवघड होई. म्हणून ४ किलोबाइटचा, एका पानाचा स्टॅक हा पर्याय आला आणि फेडोराने तो चालू करूनच वितरण केले. कर्नलमधल्या ड्रायव्हरांचा कोड सगळ्यांसमोर होता. कुठे स्टॅक जास्त खर्च होतो ते शोधून दुरुस्त करता येत होते. एनव्हिडियाच्या गाभ्याचे काय करणार? तो आठ किलोबाइट गृहीत धरून बसला होता, आणि त्या कर्नलवर मशीन कोलमडू लागली. कंपनीने नवी आवृत्ती काढेपर्यंत लोक जुन्या स्टॅकचा कर्नल स्वतः बांधून वेळ निभावत होते. फेडोराचे धोरण तेव्हाही हेच होते आणि आजही आहे, की बंदिस्त ड्रायव्हर आमच्या वितरणाचा भाग नाही, तेव्हा त्याच्यासाठी कर्नल अडवून धरणार नाही. धोरण म्हणून हे सुसंगत आहे. ज्याचा पडदा काळा झाला त्याला ते उद्धट वाटते, तेही खरे.

मग मधली जागा कोणीतरी भरायची होती. २००३ मध्ये डेलच्या लिनक्स अभियंत्यांनी डीकेएमएस आणले: मॉड्यूलचा सोर्स एका ठरलेल्या जागी ठेवायचा आणि नवा कर्नल आला की तो आपोआप कंपाइल करून बसवायचा. गंमत अशी की हे साधन ग्राफिक्ससाठी जन्मलेच नव्हते. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीला, कर्नलची पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबता येत नाही अशा सुटसुटीत ड्रायव्हर-दुरुस्त्या ग्राहकांपर्यंत पोचवायच्या होत्या. डेबियनने पुढे हीच वाट धरली. तिथे एनव्हिडियाचे पॅकेज ‘नॉन-फ्री’ विभागात असते, मुख्य वितरणाच्या कुंपणाबाहेर पण त्याच सर्व्हरांवर. फेडोराच्या जगात लिव्हना, फ्रेशआरपीएम्स आणि ड्रिबल अशा वेगवेगळ्या रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांची कोठारे, होत्या. त्या एकत्र येऊन २००८ मध्ये आरपीएम फ्यूजन उभी राहिली. तिथे आधी प्रत्येक कर्नलसाठी तयार मॉड्यूल बांधले जाई. पण फेडोराचा कर्नल सकाळी आला आणि आरपीएम फ्यूजनचे मॉड्यूल संध्याकाळी, तर दुपारी अपडेट करणाऱ्याचे काय? त्यावर उपाय म्हणून अकमॉड आले, जे वापरणाऱ्याच्याच मशीनवर मॉड्यूल बांधते. आर्चने दोन्ही वाटा ठेवल्या: अधिकृत कर्नलसाठी तयार पॅकेज, आणि दुसरा कर्नल वापरणाऱ्यांसाठी डीकेएमएस.

या यंत्रणा चालतात तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाहीत. मोडतात त्या ठरावीक ठिकाणी. कर्नल अपडेट झाला पण मॉड्यूल बांधायला लागणारे त्याच आवृत्तीचे हेडर पॅकेज आले नाही, मग बांधणी सुरूच होत नाही. अकमॉडची बांधणी पडद्यामागे काही मिनिटे चालते. अपडेट संपल्यासंपल्या घाईने रीस्टार्ट केले तर मॉड्यूल अर्धवट राहते. आर्चमध्ये नवा कर्नल आला की जुन्याच्या मॉड्यूलची डिरेक्टरीच जाते, म्हणून रीस्टार्ट होईपर्यंत नवीन यूएसबी उपकरणही ओळखले जाईना, असा प्रकार घडतो. आणि सगळ्यांत नाइलाजाची गत म्हणजे हेडर आहेत, वेळ दिला आहे, पण कर्नलमधले फंक्शनच बदलले आहे. मग जोडकोड कंपाइल होत नाही, आणि एनव्हिडिया किंवा एखादा स्वयंसेवक पॅच (दुरुस्ती) काढेपर्यंत जुना कर्नल निवडून बूट करण्यावाचून गत्यंतर नाही. फेडोरा तीन कर्नल शिल्लक ठेवते ते अशाच वेळी कामी येतात.

एएमडीची वाट वेगळी निघाली. २००६ मध्ये तिने एटीआय विकत घेतली, आणि एटीआयचा बंदिस्त एफजीएलआरएक्स ड्रायव्हर एनव्हिडियापेक्षाही जास्त रडवणारा होता. २००७ मध्ये कंपनीने हार्डवेअरची कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली. २०१५ मध्ये ४.२ कर्नलमध्ये एएमडीजीपीयू हा खुला ड्रायव्हर दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी उबुंटूने एफजीएलआरएक्सला निरोप दिला. त्यानंतर एएमडीच्या कार्डांवर दोष येतच नाहीत असे नाही. पण मॉड्यूल आणि कर्नल एकत्रच बांधले जात असल्याने शिक्का न जुळण्याचा प्रश्न उरला नाही.

एनव्हिडियासाठी कागदपत्रांविना, कार्डाचे वर्तन न्याहाळून लिहिलेला नुव्हो हा खुला ड्रायव्हर होता. फेडोरा तो मुख्य कर्नलमध्ये नसतानाच देऊ लागली, म्हणून टोर्वाल्ड्सने तिला टोचले, आणि २०१० मध्ये २.६.३३ बरोबर तो कर्नलमध्ये आला. त्याने नवीच अडचण निर्माण केली. बूट होताना नुव्हो आधी उठून कार्डाचा ताबा घेई आणि मग बंदिस्त मॉड्यूलला जागा नसे. म्हणून नुव्होला काळ्या यादीत टाकणे, हे बंदिस्त ड्रायव्हर बसवण्यातले एक ठरलेले पाऊल झाले. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टोर्वाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधले बोट दाखवले, त्याचे चित्र जगभर फिरले. पण नुव्होला खरा फटका बसला तो २०१४ मधल्या जीटीएक्स ९०० मालिकेपासून. कार्ड आता एनव्हिडियाची सही असलेलेच फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) मानू लागले, आणि ते हाती नसल्याने नुव्हो कार्डाचा वेग वाढवू शकेना. सर्वात संथ गतीवर अडकलेला ड्रायव्हर गेम खेळणाऱ्यांच्या काय कामाचा?

त्याच काळात, सही नसलेला कोड बूट होताना अडवणारे सिक्युअर बूट आले आणि सहीचा प्रश्न वापरणाऱ्याच्याही दारात पोचला. घरच्या मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर डिस्ट्रोची सही नसते. स्वतःची किल्ली तयार करून ती बूटच्या निळ्या पडद्यावर नोंदवावी लागते. तो पडदा एकदाच येतो, आणि पुष्कळ जण तो वाचायच्या आत एंटर दाबून मोकळे होतात.

ऑक्टोबर २०२० मध्ये ५.९ कर्नल आला. मध्ये एक जीपीएल लायसन्सचे छोटे मॉड्यूल ठेवून राखीव फंक्शने बंदिस्त कोडपर्यंत पोचवायची पळवाट या आवृत्तीत बुजवली गेली: बंदिस्त मॉड्यूलमधून काही घेणारे मॉड्यूल आता स्वतःच बंदिस्त मानले जाऊ लागले. एनव्हिडियाने ५.९ वर तूर्त जाऊ नका असे सांगितले आणि सुसंगत ड्रायव्हर नोव्हेंबरमध्ये दिला. दरम्यान सतत पुढे सरकणाऱ्या डिस्ट्रोंचे वापरकर्ते दीर्घ मुदतीच्या कर्नलवर जाऊन बसले.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूलचा सोर्स एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी लायसन्सखाली खुला केला. हृदयपरिवर्तन म्हणून त्याचे स्वागत झाले. मला तसे वाटत नाही. ट्युरिंग पिढीच्या आणि त्यानंतरच्या कार्डांवर जीएसपी नावाचा प्रोसेसर असतो, आणि आधी ड्रायव्हरमध्ये असलेले पुष्कळसे काम आता त्याच्या फर्मवेअरमध्ये गेले आहे. गुपित कार्डावर हलवता आले, तेव्हा उरलेले उघडे करायला हरकत राहिली नाही. तरीही फायदा खरा आहे. कर्नल बदलल्यावर कुठे अडले ते आता कोणालाही वाचता येते आणि दुरुस्त करता येते. मात्र हे मॉड्यूल मुख्य कर्नलबाहेरच राहिले, त्यामुळे डीकेएमएस आणि अकमॉडची गरज संपलेली नाही. मुख्य कर्नलसाठी रस्ट भाषेत नोव्हा हा वेगळा ड्रायव्हर लिहिला जात आहे; त्याचा पायाभूत भाग २०२५ मध्ये ६.१५ बरोबर आत आला.

जीएसपी नसलेल्या जुन्या कार्डांना यातले काहीच लागू नाही. एनव्हिडिया त्यांना शाखा-शाखांनी मागे सोडत आली आहे: ३४० ची शाखा, मग ३९०, मग ४७०. २०२५ च्या अखेरीस ५९० मालिकेबरोबर पास्कल कार्डांची, म्हणजे जीटीएक्स १०६० आणि १०८० सारख्या अजून धडधाकट कार्डांची पाळी आली. आर्चने आपली मुख्य पॅकेजे खुल्या मॉड्यूलवर नेली, आणि पास्कलवाल्यांना ५८० शाखेचे पॅकेज वापरकर्त्यांच्या सामायिक रेपॉझिटरीतून घ्यायला सांगितले. ३४० आणि ३९० साठी कंपनीचे पॅच केव्हाच थांबले आहेत. तिथे नवा कर्नल आला की कोणीतरी स्वयंसेवक जोडकोडातले मोडलेले फंक्शन शोधतो, चार ओळी बदलतो आणि पॅच टाकतो. बायनरी गाभ्याला त्यालाही हात लावता येत नाही.