जुन्या घरासाठी नवा बंब घेताना

सोलापुरात दिवाळीपासून जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत आमच्या दुकानात पाणी तापवायच्या बंबाची चौकशी सगळ्यांत जास्त असते. पहिल्या आंघोळीसाठी माळ्यावरचा बंब काढावा, तर तो तळातून पाझरत असतो. मग घाईत, चकाकी बघून नवा उचलला जातो. आमची विनंती अशी की बाळीवेस, शुक्रवार पेठ, साखर पेठेतल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी तरी आधी घर बघावं आणि मग बंब. धूर कुठून जाणार आणि कढत पाणी किती लागणार, एवढं ठरलं की पुढची निवड सोपी होते.

जुना खरंच गेलाय का?

पुष्कळदा गेलेला नसतो. बंबात आगीशी थेट गाठ पडते ती मधल्या नळ्याची, ज्यात जळण पेटतं. बाहेरचं भांडं जाड तांब्याचं असेल तर ते पिढ्या काढतं, झिजतो तो नळा. रात्री बंब पाण्याने भरा, आग पेटवू नका, जाळीवर कोरडी राख पसरून ठेवा. सकाळी राखेवर ओलसर डाग दिसला तर नळा किंवा त्याची झाळ गेली. तोटीभोवती हिरवट पूड जमली असेल तर तिथूनही पाणी झिरपतंय. नळ्यात बॅटरीचा उजेड टाकून बघा आणि अंगठ्याने दाबा. पत्रा आत दबला तर तो पातळ झालाय. फक्त नळा बदलून काम होत असेल तर तोच बदला, आम्हीही तेच सुचवतो. भांड्याच्या अंगालाच जागोजागी ठिगळं असतील तर मात्र आणखी खर्च करण्यात अर्थ नाही.

किती लिटरचा?

इथेच सगळ्यांत जास्त पैसा वाया जातो. थंडीत आपल्याकडे हौदातलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. बंबातलं पाणी ६५ अंशांपर्यंत तापलं तर २० लिटरच्या बादलीत साधारण १० लिटर कढत पाणी आणि तेवढंच विसणाचं थंड पाणी पुरतं. म्हणजे माणशी १० लिटर. चार-पाच माणसांचं घर असेल आणि काढलं तेवढं पाणी लगेच भरायची सवय असेल, तर २५ ते ३० लिटरचा बंब भरपूर झाला. तरी लोक पाहुण्यांच्या हिशेबाने ६० लिटरचा मागतात.

आता जळणाचा हिशेब बघा. ३० लिटर पाणी २० वरून ६५ अंशांवर न्यायला १३५० किलोकॅलरी लागतात. सुक्या लाकडात किलोमागे साधारण ३५०० असतात. त्यातली तिसऱ्या हिश्शाएवढीच पाण्याला लागते असं धरलं, तर सव्वा किलोच्या आत-बाहेर जळण झालं. ६० लिटरला दुप्पट. रोज सकाळी एक किलोहून जास्त लाकूड उगाच जळतं, ते पाहुणे वर्षातून चार दिवस येतात म्हणून. त्या चार दिवसांत दोनदा पेटवा.

लाकूड विकत घेत असाल तर हेही लक्षात घ्या की ३० लिटर पाणी विजेवर दीड-पावणेदोन युनिटांत तापतं. शेतातल्या तुराट्या, धसकटं, बाभळीच्या फांद्या घरच्या असतील तर बंब नक्की परवडतो. सगळं जळण वखारीतून आणावं लागत असेल तर आधी दोन्हींचा भाव मांडून बघा. गच्ची मोकळी असेल तर सोलरचाही विचार करा, ऊन आपल्याकडे उदंड आहे. बंब विकणं आमचा धंदा असला तरी हे सांगणं आम्हाला गरजेचं वाटतं.

धुराडं

माळवदाच्या घरात हा भाग सगळ्यांत नाजूक. वर तुळया आणि लाकडी किलचं, त्यांच्यावर माती. एकेरी पत्र्याची धुराची नळी तापते तेव्हा ती लाकडापासून निदान दीड फूट लांब हवी. माळवदाला भोक पाडून नळी काढली तर हे अंतर बहुधा राहत नाही, आणि पावसाळ्यात त्याच भोकातून गळती सुरू होते. पांढरी माती कितीदा टाकली तरी नळीभोवती ती तडकते. म्हणून शक्यतो नळी दगडी भिंतीतून बाहेर काढा आणि भिंतीलगत वर न्या. वळणं कमीत कमी ठेवा, काटकोनी वळणाऐवजी तिरकं घ्या. टोक छपराच्या वर निदान ३ फूट जाऊ द्या. शेजारच्यांची खिडकी कुठे आहे तेही बघा, पेठेत घराला घर लागून असतं.

धूर चुलीसारखा घरात पसरत नाही म्हणून लोक बंब थेट न्हाणीघरात ठेवतात. कृपया असं करू नका. अर्धवट जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि दार लावून आंघोळ करणाऱ्याला उठायचीही संधी मिळत नाही. बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना तर दारं-खिडक्या सगळ्या बंद असतात. बंब अंगणात, पडवीत किंवा मागच्या मोकळ्या जागेत ठेवा आणि पाणी बादलीने आत न्या. जागा नाही म्हणून तो मोरीतच ठेवायचा असेल, तर आम्ही तो बसवून देणार नाही.

तोटी खाली की तोंड वर?

तळाला तोटी असलेला बंब वापरायला सोपा, पण तो पूर्ण रिकामा होऊ शकतो. आग चालू आणि आत पाणी नाही, अशी वेळ आली की घात होतो. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कल्हई आणि कथलाची झाळ काही मिनिटांत उतरते. दुसऱ्या प्रकारात नरसाळ्यातून ओतलेलं थंड पाणी तळाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडतं. हा बंब भरलेलाच राहतो. घरात वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बंब हाताळत असतील तर आम्ही हाच घ्यायला सांगतो. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पाणी साठवणीतूनच ओतावं लागतं. त्या सवयीलाही हा सोयीचा आहे.

गच्चीवरच्या टाकीतून थेट जोड हवा असेल तर वाफ जायला उघडी नळी लागतेच, आणि ती टाकीच्या पातळीच्या वर न्यावी लागते. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. कोंडलेला बंब फुटतो. तांब्याला थेट जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइपही जोडू नका. जोडाजवळचा पाइप लवकर गंजतो, मध्ये पितळी जोड लागतो.

धातू

तांबं उष्णता सगळ्यांत चांगली पोचवतं, पितळ त्याच्यानंतर, स्टील बरंच मागे. नळा तांब्याचाच घ्या आणि गेज विचारा: २० गेज म्हणजे सुमारे ०.९ मिमी, २४ गेज म्हणजे जेमतेम ०.५५. बाहेरून दोन्ही सारखेच चमकतात. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ.

बोअरचं पाणी वापरत असाल तर आत पांढरी खपली धरणारच. ती जाड झाली की पाणी उशिरा तापतं आणि नळा जास्त भाजतो. दर हंगामाला लिंबूसत्वाच्या कोमट पाण्याने आतून धुवा, घासणी मारू नका. हात आत जाईल एवढं झाकण असलेलाच बंब घ्या, नाहीतर ही सफाई होतच नाही. बंबातलं पाणी पिण्यासाठी किंवा स्वयंपाकाला वापरू नये. ओली बाभूळ जाळली तर धुराड्यात डांबरासारखा चिकट थर बसतो आणि तो कधी पेट घेईल सांगता येत नाही, म्हणून जळण उन्हाळ्यातच फोडून वाळवून ठेवा.

जुना बंब मोडीत देताना लोखंडी जाळी आणि तिवई काढून, आतली खपली झटकून, तुमच्यासमोर वजन करून घ्या. तांबं आणि पितळ यांचा भाव वेगळा असतो, तोही वेगळाच लावून मागा.

दुकानात येताना बंब ठेवायच्या जागेचा, वरच्या छपरासकट, फोटो काढून आणा. जमिनीपासून छपरापर्यंतची उंची मोजून आणा. जुना बंब आणणं जमलं तर फारच बरं, फक्त राख आणि पाणी काढून आणा.