‘ताई, पुढचा भाग कवा?’

वाहिनीने मालिकेतल्या जोडीचं लग्न लांबवलं की ते परस्पर लावून देणाऱ्या, चाहत्यांनीच लिहिलेल्या कथा (फॅनफिक्शन) मोबाइलवर लगेच येतात. वरूड-मोर्शीपासून वडसा-ब्रह्मपुरीपर्यंत खेड्यापाड्यांत त्या वाचल्या जातात. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात: ‘मस्त’, ‘लय भारी’, ‘ताई, पुढचा भाग कवा टाकता?’ लिहिणाऱ्यांचं रडगाणंही ठरलेलं. वाचणारे वाढतात, पण धड चार ओळी कोणी लिहीत नाही.

हे रडगाणं मुळात टपालाच्या जमान्यातलं आहे. अमेरिकेत 1967 साली ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांनी ‘स्पॉकॅनेलिया’ हे हौशी नियतकालिक काढलं. अशा अंकांवर वाचकांनी सविस्तर पत्र लिहायचं, ही तिथली जुनी रीत. पत्र लिहिणाऱ्याला पुढचा अंक फुकट देणारे संपादकही होते. मग 1998 मध्ये अशा कथांचं फॅनफिक्शन डॉट नेट हे संकेतस्थळ आलं आणि पत्राचा अभिप्राय झाला. 2009 मध्ये खुल्या झालेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या तशाच संकेतस्थळावर पुढे नुसतं बटण दाबून दाद द्यायची सोय झाली. न मागता चुका काढू नयेत, आवडलं नाही तर वाचू नये, हा संकेतही याच वाटेवर पक्का झाला. चुका काढायचं काम कथा टाकण्याआधी ती तपासून देणाऱ्या मैत्रिणीकडे गेलं.

आपल्याकडची वाट वेगळी आहे, आणि ती अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुराहून जाते. वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर, त्यामुळे तिच्या लग्नाची गोष्ट इथे घरचीच. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा झाला तेव्हा त्याच पंथाच्या महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचले. भागवतातली कथा तिने आपल्या बोलीत, बायकांच्या लग्नगीतांच्या चालीवर आणली. तेवढ्यावर भागलं नाही. म्हाइंभट आणि लक्ष्मींद्रभट यांनी विनंती केली आणि तिने धवळ्यांचा उत्तरार्ध रचला. पुढच्या भागाची मागणी इतकी जुनी!

हेच म्हाइंभट पंथाचे संस्थापक चक्रधर यांच्या लीळा, म्हणजे आठवणी, ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून गोळा करत आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेत. खरी परखड दाद मात्र पंथातलेच कवी भास्करभट्ट बोरीकर यांच्या वाट्याला आली. त्यांचं ‘शिशुपाळवध’ हे काव्य ऐकून गुरुबंधूने सांगितलं की ग्रंथ चांगला झाला आहे, पण शृंगार असा की निवृत्तांच्या, म्हणजे संसार सोडलेल्यांच्या, उपयोगाचा नाही. भास्करभट्टांनी मग ‘उद्धवगीता’ लिहिली. रागावून पंथ सोडला नाही, हे आजच्या लेखकांनी ध्यानात घ्यायला हरकत नाही.

एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात, ही सवय गावात पुढेही टिकली. श्रावणातली पोथी, भागवत सप्ताह, दंडार हे लोकनाट्य. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तर दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी निघतात आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. तिथली दाद जागच्या जागी मिळते. गाणं आवडलं तर वन्स मोअर, खलनायकाला तोंडावर शिव्या. घरी जाऊन पत्र कोण लिहितो?

लिहून प्रतिक्रिया द्यायची जागा गावाला मिळाली ती वाचनालयात. तीही चोरूनच. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही 1967 चाच. अनुदानाच्या पायरीवर खेड्यातली बरीच वाचनालयं सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गातच राहिली, पण कादंबऱ्या हातोहात फिरल्या. त्यांचे समास पाहावेत. पेन्सिलीने ‘खरं आहे’, कुठे ‘खोटं’, शेवटच्या कोऱ्या पानावर ‘पुस्तक चांगले आहे, अवश्य वाचा’, आणि एखाद्या वात्रटाचं ‘पान 87 पाहा’. सही कुणाचीच नसे.

2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. 2014 साली बंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपी या कथांच्या मंचावर मराठी कथांखाली तारे आणि समीक्षा देता येऊ लागल्या. कीबोर्डवर मराठी बोलून टाइप होऊ लागलं. तरीही घरात एकच फोन असला, खातं भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाचं असलं, तर प्रेमकथेखाली सून चार ओळी लिहिणार कशी? ती पाच तारे देते आणि ‘मस्त’ म्हणून मोकळी होते. हा मला आळस वाटत नाही. समासातल्या बिनसहीच्या पेन्सिलीचंच हे पुढचं रूप आहे.

पात्र बिघडलं की मात्र गप्प बसणं संपतं. ‘त्याले काऊन मारलं? थो असा नोयताच!’ ही एका ओळीची समीक्षा लांबलचक अभिप्रायापेक्षा नेमकी असते, कारण मूळ मालिका वाचणारीने रोज पाहिलेली असते. आणि कथा भागाभागाने येत असल्याने दुरुस्तीही लगेच होते. सोमवारी मेलेला नायक गुरुवारच्या भागात नागपूरच्या दवाखान्यात डोळे उघडतो.