कानबान पद्धत

कानबान पद्धत म्हणजे एका वेळी हातात असलेल्या अपूर्ण कामांची संख्या ठरवून मर्यादित ठेवणारी, आणि पुढच्या टप्प्यावर जागा रिकामी झाल्याखेरीज मागच्या टप्प्यावरून काम पुढे न ढकलणारी कार्यव्यवस्थापनाची पद्धत. तिचा उगम जपानच्या मोटार उद्योगात झाला आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती सॉफ्टवेअर निर्मितीत आली. नाशिकमध्ये तिची दोन्ही रूपे जवळजवळ नांदतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत वाहने व त्यांचे सुटे भाग तयार होतात, तिथे ती बिन (सुटे भाग ठेवायचे डबे) आणि कार्डांतून चालते. शहरातील सॉफ्टवेअर कंपन्यांत आणि कारखान्यांच्याच आयटी विभागांत ती रकान्यांच्या फळ्यावर दिसते. फळा हे या पद्धतीचे सर्वांत ठळक अंग असले, तरी तिचे मर्म मर्यादेत आहे. मर्यादा नसलेला फळा ही केवळ पेंडिंग कामांची यादी होय.

टोयोटा कंपनीतील अभियंते ताइइची ओनो (१९१२–१९९०) यांनी अमेरिकी सुपरमार्केटांच्या व्यवहारावरून ही कल्पना घेतली. गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढा माल उचलला तेवढाच पुन्हा भरायचा, हे तत्त्व त्यांनी १९५३ च्या सुमारास मशीन शॉपमध्ये लागू केले आणि पुढील दशकभरात ते कंपनीभर पसरले. त्यापूर्वीची सर्वसाधारण रीत अशी होती, की प्रत्येक विभाग वेळापत्रकाप्रमाणे माल तयार करी आणि पुढच्या विभागाला तो हवा असो वा नसो, त्याच्याकडे ढकलून देई.

शॉपफ्लोअरवर तिचे सर्वांत साधे रूप दोन बिनचे असते. लाइनवरचा कामगार पुढच्या बिनमधले बोल्ट वापरतो. ती रिकामी झाली की मागची पुढे सरकते आणि रिकामी बिन कार्डासह स्टोअरकडे किंवा थेट व्हेंडरकडे जाते. कार्डावर भागाचा क्रमांक, एका बिनमधील नगांची संख्या, माल कुठून यायचा आणि कुठे पोचवायचा, एवढाच मजकूर असतो. कार्डाशिवाय माल बनवायचा नाही, हलवायचा नाही आणि सदोष नग पुढे पाठवायचा नाही, हे तिचे कडक नियम आहेत. कार्डांची संख्या मागणी, भरणा होण्यास लागणारा काळ आणि सुरक्षिततेसाठी ठेवलेली वाढ यांचा गुणाकार करून त्याला बिनमधील नगांनी भागून काढतात. रोज ४०० नग लागत असतील, भरण्यास अर्धा दिवस लागत असेल, २० टक्के वाढ धरली असेल आणि बिनमध्ये २० नग मावत असतील, तर १२ कार्डे पुरतात. कारभार सुरळीत चालू लागला, की त्यातले एखादे कार्ड मुद्दाम काढून घेतात. मग मशीन वारंवार बंद पडणे, सेटिंगला लागणारा वेळ, उशिरा येणारा ट्रक अशा साठ्याखाली झाकलेल्या अडचणी आपोआप वर येतात.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र साठा डोळ्यांना दिसत नाही. कारखान्यात अर्धवट जॉबचा ढीग वाढला तर येण्याजाण्याची वाट अडते आणि सुपरवायझर आरडाओरडा करतो. अर्धवट लिहिलेला कोड, टेस्टिंगसाठी थांबलेला बदल किंवा क्लायंटच्या मंजुरीची वाट पाहणारे काम कोणाच्याच पायात येत नाही. म्हणूनच इथे काम दृश्य करणे ही पहिली पायरी ठरली. सॉफ्टवेअर व्यवस्थापक डेव्हिड अँडरसन यांनी २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या एका देखभाल चमूत हा विचार लागू केला. तो चमू हैदराबादेत होता. नव्या मागण्यांना किती काम लागेल याचे अंदाज काढण्यातच त्याचा बराचसा वेळ जात असे. ते अंदाज बंद करून रांगेला मर्यादा घातल्यावर कामे पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर हातावेगळी होऊ लागली. अँडरसन यांनी २०१० मध्ये या पद्धतीवर पुस्तक लिहिले.

मर्यादेमागील गणित संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमात आहे : एखादे काम पूर्ण होण्यास लागणारा सरासरी काळ म्हणजे हातातील कामे भागिले ठरावीक अवधीत पूर्ण होणारी कामे. आठवड्याला ५ तिकिटे (नोंदवलेली कामे) बंद करणाऱ्या चमूकडे ३० उघडी असतील, तर नव्या तिकिटाला सरासरी ६ आठवडे लागतील; वेग तोच ठेवून उघडी तिकिटे १० वर आणली, तर २ आठवडे. हा नियम दीर्घ काळाच्या सरासरीला आणि बऱ्यापैकी स्थिर व्यवस्थेला लागू पडतो, एका तिकिटाचे भाकीत त्यातून निघत नाही. नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका चौकात आणखी गाड्या घुसवल्याने कोणीच लवकर पोचत नाही, तसेच हातातील कामे वाढवल्याने होते.

प्रत्यक्षात फळ्यावर विश्लेषण, कोडिंग, रिव्ह्यू, टेस्टिंग आणि रिलीज असे रकाने आखतात व प्रत्येकावर आकडा लिहितात. टेस्टिंगवर ३ लिहिले असेल आणि तिथे तीन कामे असतील, तर कोडिंग संपवलेल्याने आपले काम पुढे सरकवायचे नाही, नवेही उचलायचे नाही; टेस्टिंगला हातभार लावायचा किंवा अडकलेले काम सोडवायचे. इथेच बहुतेक ठिकाणी ही पद्धत ढिली पडते. तासांवर बिल लावणाऱ्या सेवा कंपन्यांत प्रत्येक माणूस सतत नव्या कामावर दिसला पाहिजे अशी व्यवस्थापकाची ओढ असते, आणि मग आकडा ३ वरून ५, ५ वरून ८ होतो. कामांची नोंद ठेवणाऱ्या जिरासारख्या सॉफ्टवेअर साधनात मर्यादा ओलांडली तर रकाना लाल होतो एवढेच, काम आत येण्याचे थांबत नाही. थांबवणे माणसांनाच करावे लागते.

सॉफ्टवेअर चमूंच्या स्क्रम या दुसऱ्या कार्यपद्धतीशी तिची तुलना नेहमी केली जाते. १९९५ मध्ये केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी मांडलेली स्क्रम पद्धत जास्तीत जास्त एका महिन्याच्या, स्प्रिंट नावाच्या ठरावीक कालखंडात काम बांधते आणि चमूतील जबाबदाऱ्या ठरवून देते. कानबान पद्धतीत ना स्प्रिंट, ना नवी पदे. आहे त्या कार्यपद्धतीवरच मर्यादा आणि उघड नियम बसवायचे व हळूहळू सुधारायचे, असे तिचे धोरण असते. त्यामुळे केव्हाही बग (सॉफ्टवेअरमधील दोष) येऊ शकतात अशा देखभालीच्या व सपोर्टच्या कामाला ती अधिक जुळते. ज्यात काय बनवायचे हेच अजून ठरलेले नाही, अशा नव्या उत्पादनाचा शोध मात्र केवळ रांग आवळून लागत नाही.

तातडीच्या कामांसाठी फळ्यावर वेगळी पट्टी ठेवतात. उत्पादन लाइन थांबवणारा बग तिच्यात येतो, इतर मर्यादा बाजूला सारून पुढे जातो आणि त्याच्या वाटेत असलेली कामे थांबतात. या पट्टीत एका वेळी एकच काम असावे असा संकेत आहे. तो न पाळल्यास प्रत्येक विभागप्रमुखाची मागणी तातडीची ठरते आणि बाकीच्या रकान्यांवरील आकड्यांना काही अर्थ उरत नाही.