डेब्रिस डिस्कमधला गॅस

डेब्रिस डिस्क म्हणजे ग्रह बनून झाल्यावर ताऱ्याभोवती उरलेल्या धोंड्यांचा नि धूमकेतूंचा पट्टा, हे तुकडे एकमेकांवर आपटत राहतात आणि त्यातून सारखी धूळ निघते. 1983 मध्ये आयरास उपग्रहाला अभिजित ताऱ्याभोवती अशी धूळ पहिल्यांदा सापडली. धुळीचं कोडं तसं सोपं होतं, पण पुढे काही डिस्कमध्ये गॅसही दिसला, मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड, आणि तो आला कुठून यावर अजून वाद आहे.

आपल्या भंडारा-गोंदियाकडे ऐन मे महिन्यात एखाद्या बोडीत पाणी दिसलं तर कारणं दोनच, एकतर मागच्या पावसाळ्याचं उरलं आहे नाहीतर खालून झरा लागला आहे. इथेही नेमकं तेच विचारायचं.

उरलेला गॅस म्हणजे तारा जन्मतानाचा, जवळपास सगळा हायड्रोजन, पण तो साधारण 1 कोटी वर्षांत विरून जातो. बीटा पिक्टोरिस हा तारा 2 कोटी वर्षांच्या आसपासचा (फेब्रुवारीत रात्री नऊला दक्षिणेकडे तोंड करून अगस्तीच्या उजवीकडे हात लांब करून तीन-चार बोटं मोजा, गावात लाइट गेली असली की हा मंद तारा नुसत्या डोळ्यांनी दिसते). त्याच्याजवळचा कार्बन मोनॉक्साइड अतिनील प्रकाशात 120 वर्षांच्या आसपासच टिकतो, मग 2 कोटी वर्षांपूर्वीचा कसा उरेल? म्हणजे झराच आहे, बर्फाळ तुकडे फुटतात आणि आत गोठलेला गॅस मोकळा होतो. 2014 मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणींना हा गॅस एका बाजूला गोळा झालेला दिसला, आणि एवढा गॅस टिकवायचा तर दर 5 मिनिटांनी एक मोठा धूमकेतू फुटला पाहिजे असा हिशेब निघाला!

खरी अडचण 49 सेटीसारख्या ताऱ्यांची. वय 4 कोटींच्या आसपास आणि कार्बन मोनॉक्साइड इतका जास्त की नुसत्या टकरींनी भागत नाही. मग काही जण म्हणतात जुना हायड्रोजन तिथे अजून आहे आणि त्याच्या आडोशाने बाकीचा गॅस वाचला, पण थंड हायड्रोजन स्वतः जवळपास काहीच प्रकाश देत नाही त्यामुळे तपासणं फार कठीण. दुसरा विचार असा की कार्बन मोनॉक्साइड तुटून जो सुटा कार्बन होतो तोच अतिनील प्रकाश अडवतो, संत्र्याच्या कलमांवर शेडनेट टाकतो ना तसा, मग झऱ्याचाच गॅस साचत जातो. मला हा विचार जास्त पटतो कारण त्याला वेगळा साठा लागत नाही, तरी काही डिस्कमध्ये मोजलेला कार्बन या हिशेबापेक्षा कमी भरला आहे हेही खरं.

एचडी 172555 या ताऱ्याची गोष्ट मात्र वेगळीच, तिथला कार्बन मोनॉक्साइड दोन ग्रहांच्या टकरीत उडालेल्या वातावरणाचा असावा असं 2021 मध्ये मांडलं गेलं.